कायदा होता, पण मिनामाताचे पाणी त्यात नव्हते

जपानमध्ये कारखान्याच्या सांडपाण्यात लिटरमागे ०.००५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा असता कामा नये. मेथिल पाऱ्यासारखी सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या पाऱ्याची, संयुगे तर त्यात मुळीच आढळता कामा नयेत. पहिली अट मर्यादा घालते, दुसरी सरळ मनाई करते. ही मनाई इतकी कडक का आहे, हे क्युशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिनामाताची हकीकत कळल्यावरच उमगते.

मिनामाताला चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. तिथे १९३२ पासून अॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होई. अॅसिटिलीन वायू गंधकाम्लाच्या द्रावणात सोडायचा आणि उत्प्रेरक म्हणून त्यात पाऱ्याचा क्षार घालायचा, अशी ती रीत. उत्प्रेरक जसाच्या तसा उरतो असे आपण शाळेत शिकतो. या टाकीत मात्र पाऱ्याचा काही अंश मेथिल पारा होत होता आणि सांडपाण्याबरोबर ह्याक्केनच्या नाल्यातून उपसागरात जात होता.

आधी मांजरे गेली. मासळीवर वाढलेली कोळ्यांच्या वस्तीतली मांजरे झोकांड्या खात, गरगर फिरत, समुद्रात पडत. मग माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले, बोबडी वळू लागली, नजर आकसली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अज्ञात आजाराची आरोग्य केंद्राला खबर दिली. मासळीवर संशय लगेच गेला. पण १९५७ मध्ये प्रांताने अन्न कायद्याखाली विक्रीबंदी करता येईल का, असे विचारले, तेव्हा केंद्र सरकारने उत्तर दिले की उपसागरातली सगळीच मासळी विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून बंदी घालता येणार नाही.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त सलतो तो सप्टेंबर १९५८. त्या महिन्यात कंपनीने नाल्याचे तोंड ह्याक्केनहून हलवून मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवले. लवकरच त्या बाजूच्या वस्त्यांतही आजारी माणसे सापडू लागली. विषाचा उगम कुठे आहे हे याहून स्पष्ट दिसणे शक्य नव्हते. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या अभ्यासगटाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. ऑक्टोबरमध्ये होसोकावांनी अॅसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नात घालून दिलेल्या ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच आजार जडला. कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला. होसोकावांनी त्याची साक्ष १९७० मध्ये, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना दिली. डिसेंबर १९५९ मध्ये मोठा समारंभ करून सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा सुरू झाली. ती विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलीच नव्हती, पण प्रश्न मिटला असे लोकांना वाटले.

तेव्हा कायदा नव्हता असे नाही. १९५८ च्या उन्हाळ्यात टोक्योजवळ एडो नदीत कागद कारखान्याचे सांडपाणी सुटले आणि उरायासूचे संतापलेले कोळी कारखान्यात घुसले. त्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, पाण्याची गुणवत्ता आणि कारखान्यांचे सांडपाणी यांवर दोन कायदे झाले. पण ते सगळीकडे आपोआप लागू होत नव्हते. सरकारने आधी एखादे पाणी नियंत्रणाखालचे म्हणून जाहीर करायचे, मग तिथल्यापुरती मर्यादा ठरवायची. मिनामाताचे पाणी असे जाहीर झाले १९६९ मध्ये. चिस्सोने ती उत्पादनपद्धत मे १९६८ मध्येच बंद केली होती. दरम्यान, १९६५ मध्ये निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी दुसऱ्या कंपनीच्या तशाच कारखान्यामुळे हाच आजार उघडकीस आला होता.

समुद्र मोठा आहे, पारा पातळ होईल, हा हिशेब इथे साफ चुकला. मेथिल पारा शरीरातून सहज बाहेर पडत नाही. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून लहान माशात, लहानातून मोठ्यात तो साठत जातो. गर्भवतीच्या शरीरातून तो वारेवाटे बाळाकडे जातो, आणि हे दाखवून द्यायला एक घरगुती चाल कामी आली. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लहानशा डबीत जपून ठेवतात. डॉ. मासाझुमी हाराडा यांनी अशा नाळा गोळा करून तपासल्या. अॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन ज्या काळात वाढले, त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या नाळेत मेथिल पाराही वाढलेला निघाला. आईने माया म्हणून जपलेली डबी त्या कारखान्याविरुद्धचा पुरावा झाली.

१९७० च्या अखेरीस जपानी संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाशी संबंधित १४ कायदे मंजूर केले. नव्या जलप्रदूषण कायद्याने मर्यादा देशभर लागू केली, ती मोडताच शिक्षेची तरतूद केली आणि प्रांतांना आणखी कडक मर्यादा घालण्याची मुभा दिली. पर्यावरणरक्षणाचा आर्थिक विकासाशी मेळ घालावा, हे प्रदूषण नियंत्रणाच्या मूलभूत कायद्यातले कलमही काढून टाकले. उपसागरातला पारायुक्त गाळ उपसून भराव घालण्याचे काम पुढे १९७७ ते १९९० चालले.

त्याच सुमारास आपल्याकडेही पावले पडत होती. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये आले, आणि केंद्राचा कायदा १९७४ मध्ये. सांडपाणी सोडण्याआधी मंडळाची संमती घ्यायची, हा त्याचा गाभा. पाऱ्याची आपली सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, जपानच्या दुप्पट. पाऱ्याविषयीच्या ज्या जागतिक कराराला मिनामाताचेच नाव आहे, तो भारताने २०१८ मध्ये मान्य केला.

जपानी सरकारच्या जबाबदारीचा निकाल मात्र ऑक्टोबर २००४ मध्ये लागला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की १९५९ संपेपर्यंत १९५८ चे कायदे वापरून ते सांडपाणी थांबवणे सरकारला शक्य होते आणि ते करायलाच हवे होते. म्हणून जानेवारी १९६० पासून पुढे झालेल्या हानीला सरकारही जबाबदार आहे.