शोधनिबंधाचा साचा आला कुठून?

दोन ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना ऐसपैस समास, तक्ते आणि आकृत्या मजकुरात न घालता शेवटी वेगळ्या पानांवर. शोधनिबंध पाठवताना वर्षानुवर्षे हे निमूटपणे पाळले गेले, काही ठिकाणी अजूनही पाळावे लागते. यातले बरेच नियम छापखान्याच्या सोयीचे होते. ओळींमधली जागा संपादकाच्या पेन्सिलीसाठी, समास छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला द्यायच्या सूचनांसाठी, आणि आकृत्या वेगळ्या, कारण त्यांचे ब्लॉक वेगळे बनत. खिळे गेले, ब्लॉक गेले, नियम तेवढे मागे राहिले.

सुरुवातीला साचा असा नव्हताच. मार्च १६६५ मध्ये हेन्री ओल्डेनबर्गने लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे शास्त्रीय नियतकालिक सुरू केले, तेव्हा त्यातला पुष्कळसा मजकूर म्हणजे आलेली पत्रे. डेल्फ्टचा कापडव्यापारी लीवेनहूक सूक्ष्मदर्शकातून जे दिसेल ते डच भाषेत ऐसपैस लिहून पाठवी. ओल्डेनबर्ग त्याचे इंग्रजी करून छापी.

प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे, चर्चा ही चौकट फार अलीकडची. वैद्यकीय नियतकालिकांत ती १९४० च्या दशकापासून रुजू लागली आणि १९८० च्या दशकापर्यंत तिने बाकीचे प्रकार जवळपास हुसकून लावले. पीटर मेडावर या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्येच बीबीसीवरून तक्रार केली होती, की निबंध ज्या क्रमाने लिहिला जातो त्या क्रमाने शास्त्रज्ञ विचार करतच नाही. तक्रार रास्त होती. पण घाईतल्या वाचकाला हवे ते नेमके कुठे सापडेल हे या चौकटीत आधीच ठाऊक असते, म्हणून ती टिकली.

खरा जाच संदर्भसूचीचा. लेखकाचे नाव आणि वर्ष कंसात देण्याची 'हार्वर्ड' पद्धत एडवर्ड मार्क या हार्वर्डच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ च्या निबंधापर्यंत मागे नेता येते. निबंध होता गोगलगाईच्या एका बिनशंखी भाईबंदावर. मानसशास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये आपले नियम सात पानांत बसवले. आज त्यांचे जाडजूड पुस्तक झाले आहे. अशा रीतीने प्रत्येक विद्याशाखेची, पुढे प्रत्येक नियतकालिकाची वेगळी चूल. टाइपरायटरच्या जमान्यात एकाने निबंध नाकारला, की दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वी सूची पुन्हा नव्याने टंकायची.

यावर तोडगा काढायला वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले. त्यांच्या समान सूचना १९७९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. संदर्भांचा नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने तयार केला होता. आडनाव, मग टिंबाविना आद्याक्षरे. वर्षापुढे अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम, आणि २८४ ते २८७ पृष्ठे असतील तर नुसते २८४-७. छपाईत काटकसर मुरलेल्या माणसांनाच असे सुचते. मुंबईत केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'ही पुढे याच वाटेने गेले.

व्हँकुव्हरकरांचा मूळ उद्देश मात्र सहसा विसरला जातो. छापताना आपापली शैली ठेवायला प्रत्येक नियतकालिक मोकळे होते. फक्त या सूचनांप्रमाणे आलेला निबंध बारीकसारीक मांडणीसाठी लेखकाकडे परत धाडायचा नाही, एवढेच ठरले होते. लेखकाचा त्रास वाचवायला केलेली सूचना पुढे लेखकालाच दामटण्याचे कलम झाली.

२०११ पासून काही प्रकाशक पहिल्या फेरीला कुठल्याही मांडणीतला निबंध घेऊ लागले. स्वीकृतीनंतर टिंबे-अर्धविराम जागेवर लागतातच, पण ते काम आता झोटेरोसारखी संदर्भसूची तयार करणारी मोफत संगणकीय साधने करतात. ही साधने ज्या खुल्या साठ्यातून शैली उचलतात, त्यात आज दहा हजारांहून अधिक शैली आहेत. त्यातल्या कितीतरी एकमेकींच्या नकला, फक्त नियतकालिकाचे नाव वेगळे.