पार्श्वभूमी : मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर जागा किती?

ऊसतोडीला गेलेलं कुटुंब पावसाळ्याआधी गावी परततं. ते स्थलांतर. हवामान बदलामुळे वनस्पती-प्राण्यांच्या वावराची हद्द सरकते, तिला परतीचा फेरा नसतो. एका टोकाला रोपं रुजेनाशी होतात, दुसऱ्या टोकाला रुजू लागतात. दोन्हींना एकच शब्द लावल्याने आपल्याकडे बराच घोळ झाला आहे. २०२१ साली गौताळा अभयारण्यात आणि २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातल्या रामलिंग घाटात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेले वाघही याच खात्यात टाकले जातात. ते चूक आहे. वयात आलेला नर स्वतःचा इलाका शोधत निघतो. त्याचा वाढत्या तापमानाशी संबंध लावता येत नाही.

उंची हजार मीटरने वाढली की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे एका अंशाची वाढ भरून काढायला दीडशे मीटर चढ हवा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळला तेवढी उंची आहे. बालाघाटाचे माथे सपाट, अनेक ठिकाणी पायथ्यापासून जेमतेम दीड-दोनशे मीटर. एका अंशातच चढ संपतो. त्यात इथे उन्हाइतकीच पाण्याची टंचाई, त्यामुळे ओल धरणारी झाडं वर जाण्याऐवजी घळींकडे आणि ऊन कमी लागणाऱ्या उत्तर उताराकडे सरकण्याची शक्यता जास्त.

पण सरकायला जागा मोकळी हवी. कुसळी-पवन्या गवतांचे माळ कागदोपत्री ‘पडीक’ ठरले, हा निर्णय सगळ्यात महाग पडला. पडीक म्हटलं की झाडं लावायची, हे ओघानेच आलं. डोंगरउतारांवर मध्य अमेरिकेतली गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) ही झाडं लावली गेली, कारण गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि ती कमी पाण्यावर तगते. २०१७ ते २०१९ च्या राज्य सरकारच्या पन्नास कोटी झाडांच्या लागवड मोहिमेत तर आकड्यांचीच घाई होती. गिरिपुष्प उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झाडते, पावसाळ्यात मात्र दाट सावली धरते. गवत वाढायचे दिवसही तेच. गवत विरळ झालं की जमिनीवर घरटं करणारा चंडोल आणि मोकळ्या रानात चरणारं काळवीट, दोघांचाही आसरा जातो.

हद्द सरकली का, हे मोठ्या झाडांवरून कळत नाही. धावडा, सालई जुन्या जागी कित्येक दशकं उभे राहतात, खाली नवं रोप नसतं. म्हणून दर ५० मीटर उंचीवर १० बाय १० मीटरचा चौकोन आखून त्यातली रोपं मोजावीत. शेजारी तेवढाच दुसरा चौकोन काटेरी कुंपण घालून राखावा. कुंपणात रोपं आली आणि बाहेर नाहीत, तर दोष चराईचा. दोन्हीकडे नाहीत, तेव्हा हवामानाचा विचार करायचा, तोही आधी बी देणारं झाड जवळ आहे का हे पाहून.