यीस्टचं कवच, कोंबडीचं आतडं

हॅचरीत एकविसाव्या दिवशी अंड्यातून बाहेर पडणारं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबडीचं, पिल्लू आपल्या आईला कधीच भेटत नाही. गावठी कोंबडीची पिल्लं आईमागे उकिरडा उकरत फिरतात, तिची विष्ठा चिवडतात, आणि त्या घाणीतूनच उपयोगी जंतूंचा वारसा त्यांच्या पोटात जातो. हॅचरीतलं पिल्लू ट्रेमधून गाडीत आणि गाडीतून थेट ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली येतं. त्याच्या आतड्यात जंतूंची वस्ती जेमतेम असते, आणि रिकाम्या जागेवर जो आधी पोचेल तो ठाण मांडतो. 40-42 ग्रॅमच्या या जिवाला साधारण 40 दिवसांत दोन-सव्वादोन किलोचं व्हायचं असतं. पहिल्या आठवड्यात त्याचं लहान आतडं बाकीच्या शरीरापेक्षा भराभर वाढतं. याच दिवसांत तिथे साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे रोगजंतू शिरले, तर पुढची सगळी बॅच रखडते.

ही गोष्ट नीट लक्षात आली ती फिनलंडमध्ये. 1971 साली तिथल्या ब्रॉयलर कळपांत साल्मोनेला इन्फँटिस पसरला. एस्को नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज नवजात पिल्लांना पाजला. नंतर साल्मोनेला मुद्दाम दिला, तरी त्या पिल्लांत तो फारसा रुजला नाही. 1973 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. कोंबडीची विष्ठा हे औषध ठरू शकतं, हे ऐकून त्या काळी अनेकांनी नाक मुरडलं असणार.

पण तोवर कोंबडीपालनाने दुसरी वाट धरून 20 वर्षं झाली होती. 1950 च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत स्टोकस्टाड आणि ज्यूक्स हे जीवनसत्त्व बी-12 चा स्वस्त स्रोत शोधत होते. क्लोरटेट्रासायक्लिन तयार केल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना घातला. पिल्लं वाढली, आणि नुसत्या बी-12 ने वाढायला हवी होती त्याहून जास्त वाढली. चोथ्यात उरलेल्या अँटिबायोटिकचा तो परिणाम होता. मग जगभर खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळायची पद्धतच पडली. त्याची किंमत पुढे कळली: रोज थोडा मार खाणारे जंतू मरत नाहीत, पक्के होतात. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली, युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून. आपल्याकडे 2014 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले, त्यांतल्या 40 टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीचं औषध. खाण्यासाठी पाळलेली जनावरं आणि कोंबड्यांमधला त्याचा वापर भारत सरकारने 2019 मध्ये थांबवला.

त्यामुळे खाद्याच्या गोणीत जी जागा रिकामी झाली, तिच्यासाठी बरेच दावेदार आले. प्रोबायोटिक, सेंद्रिय आम्लं, लसूण-ओव्याचे अर्क, आणि यीस्ट. यांपैकी यीस्टच्या बाबतीत काम कसं होतं ते बऱ्यापैकी उलगडलेलं आहे, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर.

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी आणि बिअर आंबवणारीच बुरशी, सॅक्रोमायसेस सेरेव्हिसी. बेकरीचं यीस्ट उसाच्या मळीवर वाढवतात, आणि बिअरच्या कारखान्यात ते आंबवणीनंतर उरतं. सुकवलेलं यीस्ट प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वांसाठी खाद्यात पूर्वीपासून घातलं जातं. आताचं प्रकरण वेगळं आहे. दुकानात ‘यीस्ट’ म्हणून मिळणाऱ्या मालात जिवंत यीस्टही असतं आणि नुसतं त्याच्या पेशीचं कवचही असतं, आणि दोघांचं काम एकमेकांशी फारसं जुळत नाही.

जिवंत यीस्टला ब्रॉयलरच्या पोटात फार वेळ मिळत नाही. कोंबडीचं अंग 41-42 अंशांचं, म्हणजे यीस्टला मानवणाऱ्या उष्णतेपेक्षा बरंच गरम. खाद्य चार-सहा तासांत आतड्यातून पार होतं. गाईच्या पोटात चारा दिवसभराहून जास्त मुरतो, म्हणून दुभत्या जनावरांत जिवंत यीस्टचा पुरावा अधिक भक्कम आहे. शिवाय फीड मिलमध्ये पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या, पाडताना खाद्याला वाफेने 80 अंशांच्या वर नेतात. त्यात साधं जिवंत यीस्ट टिकत नाही. काही कंपन्या त्यावर संरक्षक थर चढवून देतात, पण तो खर्च वेगळा.

कवचाला या गरमीची पर्वा नसते. ते बनवण्याची रीतही मजेशीर आहे. यीस्टचा गाळ साधारण 50 अंशांवर तासन्‌तास ठेवतात. त्या उष्णतेत पेशी मरते आणि तिचेच पाचक रस तिला आतून विरघळवतात. आतला रस वेगळा काढला की त्याचा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट होतो, जो पाकीटबंद सूपला आणि चिप्सच्या मसाल्याला चव आणतो. मागे राहिलेली कवचं सुकवली की कोंबडीचं खाद्यपूरक तयार! म्हणजे एकाच पेशीचा गाभा आपण खातो आणि साल कोंबडीला घालतो.

या सालीच्या बाहेरच्या थरात मॅनन असतं, म्हणजे मॅनोज या साखरेच्या लांब फांद्या. ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला मॅनोज पकडणारं प्रथिन. आतड्याच्या आतल्या पेशींवरही मॅनोज असतंच. रानातून चालताना आघाड्याची फळं धोतराला चिकटतात, तसे हे जंतू आतड्याच्या भिंतीला लटकतात. एकदा लटकले की खाद्याच्या वाहत्या लोंढ्यातही ते टिकून राहतात. वाटेतच मॅननचे तुकडे भेटले, तर जंतू त्यांनाच चिकटतो आणि त्यांच्याबरोबर विष्ठेतून बाहेर जातो. त्याला कोणी मारलेलं नसतं, त्यामुळे पक्कं व्हायचं कारणही त्याला उरत नाही.

पण इथेच मर्यादाही आहे, आणि विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ई. कोलायच्या 7 पैकी 5 वाणांनी, तर साल्मोनेला टायफिम्युरियम आणि एन्टेरायटिडिस यांच्या 10 पैकी 7 वाणांनी मॅननला पकडलं. साल्मोनेलाचाच पुलोरम हा प्रकार पकडत नव्हता, कॅम्पिलोबॅक्टर हा दुसरा जंतूही नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा ब्रॉयलरच्या आतड्याचा मोठा शत्रू, त्याच्याकडे तर असे तंतूच नाहीत. कवचाच्या आतल्या थरातल्या बीटा-ग्लुकनचं काम वेगळं. ते बुरशीची खूण म्हणून शरीराच्या पहारेकऱ्या पेशींना जागं ठेवतं. मात्र पहारा फार वाढला तर त्यालाही खाद्य लागतं, म्हणून जास्त डोस म्हणजे जास्त फायदा हे समीकरण इथे चालत नाही. टनाला एक-दोन किलो हे नेहमीचं प्रमाण.

आतड्यात नेमकं काय बिघडतं, ते शेडच्या दारातच दिसतं. मेलेला पक्षी रिकाम्या गोणीवर उताणा ठेवून डॉक्टर पोट उघडतात आणि कात्रीने आतडं लांबीभर चिरतात. निरोगी आतड्याची भिंत जाड, फिकट गुलाबी, आणि आतून मऊ लव असलेली. या लवेतूनच अन्न शोषलं जातं. रक्ती हगवणीत शेवटच्या दोन आंधळ्या पिशव्यांत रक्त साकळलेलं असतं, किंवा वरच्या भागात आडव्या पांढऱ्या रेघा आणि मधल्या भागात नारिंगी चिकटा दिसतो. हे काम आयमेरिया या एकपेशीय परजीवीचं. त्याने भिंत सोलली, की जखमेत क्लॉस्ट्रिडियम वाढतो. मग आतडं वायूने फुगतं, भिंत कागदासारखी पातळ होते आणि आत तपकिरी खरबरीत खपली धरते. अशा बॅचखाली अंथरलेल्या तुसावर पाणचट विष्ठा आणि न पचलेले मक्याचे कण दिसतात. इतकी वेळ आल्यावर यीस्ट काही करू शकत नाही. ते उपचार नाही, आणि कॉक्सिडिओस्टॅटची, म्हणजे आयमेरियाला आवरणाऱ्या औषधाची, किंवा लसीची जागाही घेत नाही.

मग मिळतं काय? बऱ्याच चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला की एफसीआरमध्ये, म्हणजे एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागतं त्यात, सरासरी दोनेक टक्क्यांची सुधारणा दिसते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. 5,000 पक्ष्यांची बॅच घ्या, प्रत्येकी 2.2 किलो वजन, एफसीआर 1.65. खाद्य लागतं सुमारे 18 टन. दोन टक्के म्हणजे साधारण 360 किलो खाद्य वाचलं, आणि त्यासाठी टनाला एक किलोप्रमाणे 18 किलो यीस्टचं कवच घातलं. दोघांचे त्या दिवशीचे भाव समोर ठेवले की गणित सुटतं. पण ही सरासरी आहे. स्वच्छ, कोरड्या, कमी गर्दीच्या शेडमध्ये फरक कित्येकदा दिसतच नाही, आणि जंतूंचा भार असलेल्या जागी तो उठून दिसतो. मला हे अपयश वाटत नाही. जिथे भिंतीला लटकायला कोणी नाही, तिथे सोडवायचं तरी कोणाला?

पावसाळ्यातल्या ओलसर मक्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. बुरशीची विषं शोषून घेतो, असाही दावा यीस्टच्या गोणीवर असतो. झिअरॅलेनोनसारख्या विषाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. आपल्याकडे जास्त भीती अफ्लाटॉक्सिनची, आणि त्याला पकडायला बेंटोनाइटसारखी माती कवचापेक्षा सरस ठरते.

करारावर पक्षी सांभाळणाऱ्याच्या हातात यातलं फारसं काही नसतं, कारण खाद्य कंपनीचं आणि त्यातलं यीस्टही कंपनीचं. पाणी पाजणाऱ्या निपलखालचा ओला तूस उलटणं, चुना मारणं आणि पाण्याच्या पाइपलाइनमधला चिकट थर धुऊन काढणं, हे त्याचं. स्वतः खाद्य मिसळणाऱ्याने विक्रेत्याला विचारावं, माल जिवंत यीस्टचा की कवचाचा, मॅनन किती टक्के, आणि पेलेट पाडल्यानंतर तपासलाय का.