खाणीच्या पोटातले रान

जुन्या दगडखाणीचे राखीव निसर्गक्षेत्र झालेल्या जागी पायवाट बहुधा वरून खाली उतरते. समोर उभे कडे, कड्यांवर आडव्या पायऱ्या, तळाशी संथ पाणी. हे सगळे मूळचेच असावे असे वाटते, पण त्या पायऱ्या म्हणजे सुरुंग लावून थराथराने दगड काढताना मागे राहिलेले टप्पे असतात. तळ्याचीही तीच कथा. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी सतत उपसावे लागते. काम संपून पंप थांबले की पाणी आपल्या जुन्या पातळीपर्यंत चढते.

अशा जागांचा इतिहास यंत्रयुगाच्या बराच आधी सुरू होतो. इंग्लंडमधल्या बार्नॅक गावाजवळचा चुनखडीचा दगड रोमन काळापासून काढला जात होता. पीटरबरो आणि इली इथली कॅथेड्रल याच दगडाची आहेत. 1500च्या सुमारास चांगला दगड संपला आणि माणसे निघून गेली. मागे राहिले खड्डे आणि टाकाऊ चुरीचे ढिगारे. त्या चुरीत नत्र आणि स्फुरद इतके कमी, की उंच, दांडगे गवत तिथे जोर धरू शकले नाही. सुपीक जमिनीत ज्यांचा गवताखाली गुदमरून जीव जातो अशा छोट्या फुलझाडांना मोकळीक मिळाली. आज तिथे वसंतात पास्क जातीची जांभळी फुले उमलतात, मागोमाग आमरे म्हणजे ऑर्किड येतात. मला या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते: खाणीने जमीन नापीक केली, आणि ते नापीकपणच या फुलांच्या कामी आले.

बार्नॅकला शेकडो वर्षांचा निवांतपणा मिळाला. विसाव्या शतकातल्या खाणींच्या वाट्याला तो आला नाही. खड्डे मोठे झाले आणि रिकामा खड्डा म्हणजे कचरा टाकायची जागा, हे समीकरण पक्के झाले. जर्मनीतल्या मेसेल इथे तेलयुक्त शेलची, म्हणजे थरांच्या मऊ खडकाची खाण होती. सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचे जीव तिथे त्वचेच्या आणि पिसांच्या ठशांसकट जपले गेले आहेत. तरीही खाणकाम थांबल्यावर तिथे कचरा भरायचे ठरले होते. वीसेक वर्षे विरोध झाला, तेव्हा कुठे तो बेत रद्द झाला. 1995 मध्ये मेसेल जागतिक वारसास्थळ झाले. नॉटिंगहॅमजवळच्या अ‍ॅटनबरो इथल्या पाणी भरलेल्या खडीच्या खाणी वीजकेंद्राच्या राखेने बुजवल्या जाणार होत्या. स्थानिक लोक आडवे आले आणि 1966 मध्ये तिथे राखीव क्षेत्र सुरू झाले. म्हणजे अशा ठिकाणी आपण जे पाहायला जातो, ते पुष्कळदा कुणीतरी हट्टाने बुजवू न दिलेले असते.

काही जागी मात्र नुसते राखून भागत नाही. केनियात मोंबासाजवळ बांबुरी इथे सिमेंटसाठी प्रवाळाचा चुनखडक खोदून काढला होता. उरलेला तळ पांढरा, तापलेला, आणि खाली थोड्याच अंतरावर मचूळ पाणी. 1971 मध्ये रेने हॅलर या स्विस कृषितज्ज्ञांनी तिथे 26 जातींची झाडे लावून पाहिली. तीनच तगली, त्यांत सुरूचे झाड (कॅज्युरिना) सर्वांत सरस ठरले. सुरूच्या मुळांशी राहणारे सूक्ष्मजीव हवेतले नत्र बांधतात, म्हणून खडकावरही ते वाढते. पण त्याच्या सुयांसारख्या काड्या कुजेनात, तळावर त्यांचा नुसता थर साचत गेला. मग त्यांनी त्या परिसरातले लाल पायांचे वाणी (सहस्रपाद किडे) आणून सोडले. वाण्यांनी त्या काड्या खाऊन त्यांचे खत केले आणि माती तयार होऊ लागली. पुढे हे रान हॅलर पार्क म्हणून प्रसिद्ध झाले. एवढ्याशा किड्याने जंगलाचा पाया घातला, याचे नवल मला अजून ओसरलेले नाही.

गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानाने आणखी वेगळी वाट धरली. खाणकामाने ओरबाडलेल्या आणि वेड्या बाभळीने व्यापलेल्या त्या टेकड्यांवर 2010 नंतर धौ, सालई अशी अरवलीचीच झाडे लावली गेली. रोपवाटिकेत सहज मिळणारी रोपे आणून लावणे सोपे होते; इथे मात्र रानोमाळ हिंडून बी गोळा करावे लागले.

हॅलर यांना जंगल हवे होते, म्हणून त्यांनी माती घडवली. बार्नॅकमध्ये माती साचू लागली तर फुलेच जातील, म्हणून तिथे मेंढ्या चारून गवत खुरटे ठेवतात. कोणत्या खाणीचे काय करायचे, हे तिथला दगड आणि तिथे आलेले जीव पाहूनच ठरवावे लागते. उभ्या कड्यांच्या कपारीत बहिरी ससाणा घरटे करतो, म्हणून विणीच्या काळात कड्याखालची वाट बंद ठेवतात. वाळूच्या ताज्या कापलेल्या भिंतीत पाकोळ्यांसारखे छोटे पक्षी बिळे कोरतात. भिंत ढासळून तिचा उतार झाला की ते येत नाहीत.

युरोपातल्या पिवळ्या पोटाच्या भेकाचे (बेडकासारख्या खरबरीत कातडीच्या जीवाचे) तर विलक्षणच आहे. त्याला अंडी घालायला उथळ, उघडी, अधूनमधून आटणारी डबकी लागतात, कारण तिथे पिल्ले खाणारे मासे नसतात. चालू खाणीत अशी डबकी अवजड गाड्यांच्या चाकोऱ्यांत आपोआप होतात. खाण बंद पडली की झुडपे वाढतात, डबकी बुजतात आणि भेक दिसेनासा होतो. म्हणून काही राखीव क्षेत्रांत यंत्र मुद्दाम परत आणून जमीन उकरतात. हिरव्यागार परिसरात मधेच चिखलाचा उघडाबोडका तुकडा दिसला, तर तिथे पाऊल टाकण्याआधी डबक्यात नीट पाहावे.