बालरोग नर्स प्रॅक्टिशनरचा ऑनलाइन कोर्स : अर्ज नेमका कुठे अडतो

दर हिवाळ्यात मला असे तीन-चार फोन येतात. "ताई, फॉर्म भरला, फी भरली, निबंधही चांगला झालाय. पण अजून इन्कम्प्लीटच दाखवतंय, आणि तारीख तर गेली." बोलणारी सिस्टर दहा-दहा वर्षं मुलांचा वॉर्ड सांभाळलेली असते. गुणांवरून अर्ज पडलाय असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं. बहुतेकींचा अर्ज पडतो तो कागदावरून, आणि तो कागद सहसा आपल्याकडचाच असतो. म्हणून अमेरिकेतल्या या कोर्सच्या अर्जाबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आधी हा कोर्स कोणासाठी, ते पाहू. पेडियाट्रिक प्रायमरी केअर नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जन्मापासून साधारण एकविशीपर्यंतच्या मुलांना दवाखान्यात तपासणारी, निदान करणारी, औषध लिहून देणारी परिचारिका. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर या कामाची सुरुवातच मुलांपासून झाली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला प्रशिक्षणक्रम सुरू केला. भारतात नर्स प्रॅक्टिशनरचे कोर्स आहेत ते क्रिटिकल केअर आणि मिडवाइफरीचे. मुलांच्या प्राथमिक उपचारांसाठी तसं पद नाही. त्यामुळे हा कोर्स करून परत येऊन त्याच हुद्द्यावर काम करू, असा बेत कोणी आखला असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवावा.

"ऑनलाइन आहे ना, मग नाशिकहून करता येईल का?" नाही येणार. ऑनलाइन असतात ती फक्त लेक्चर्स. मुलं तपासण्याचे तास अमेरिकेतल्या दवाखान्यातच भरावे लागतात आणि त्यासाठी तिथलं आरएन, म्हणजे नोंदणीकृत परिचारिकेचं, लायसन्स लागतं. विद्यार्थी व्हिसावर या कोर्ससाठी जाण्याचा मार्गही बंदच आहे, कारण एफ-१ व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासात एका सत्राला एकच ऑनलाइन विषय धरला जातो. एजंट याच्या उलट काही सांगत असेल तर पैसे देऊ नका. पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्या, एनसीएलएक्स ही तिथली लायसन्सची परीक्षा पास होऊन लायसन्स मिळवलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी आहे.

पदवी कुठली चालते

बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांची वाट सरळ आहे. जीएनएम झालेल्यांनी मात्र एमएसएनचा, म्हणजे नर्सिंगच्या पदव्युत्तर पदवीचा, अर्ज भरून फी वाया घालवू नये. जीएनएम ही पदविका आहे आणि अमेरिकन पदवीशी तुलना करून केलेलं तिचं मूल्यांकन पदवीइतकं होत नाही. त्यांनी आधी आरएन ते बीएसएन हा पदवीचा कोर्स पूर्ण करावा, किंवा पदविकेवरून थेट पदव्युत्तर पदवीपर्यंत नेणारा ब्रिज कोर्स शोधावा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालेल्यांचा. त्या मूल्यांकनासाठी फक्त पदवीचे कागद पाठवतात. समोरच्याला ती दोनच वर्षांची पदवी दिसते. जीएनएमची तीन-साडेतीन वर्षं त्याखाली आहेत हे त्याला कळणार कसं? दोन्हींचे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांचे अधिकृत उतारे, एकाच वेळी, एकाच फाइलमध्ये पाठवा.

भारतात चाइल्ड हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. झालेल्या काही जणींना वाटतं की आता फक्त परीक्षा द्यायची. तसं नाही. प्रमाणपत्राची परीक्षा घेणारं पीएनसीबी हे मंडळ अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कोर्समधूनच आलेला उमेदवार घेतं. पण तुमची एम.एस्सी. वाया जात नाही. तिचं मूल्यांकन मास्टर्स म्हणून झालं, तर पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेटला अर्ज करता येतो. हा कोर्स लहान असतो आणि आधी केलेल्यापैकी काही विषय माफ होऊ शकतात. ही वाट फारशी कोणाला माहीत नसते, म्हणून मुद्दाम सांगते.

"२०२५ नंतर डॉक्टरेट सक्तीची झाली" हेही सारखं कानावर येतं. ती सक्ती भूल देणाऱ्या नर्स अॅनेस्थेटिस्टसाठी आहे. नर्स प्रॅक्टिशनरसाठी तशी शिफारस झाली, नियम झाला नाही. एमएसएन करूनही परीक्षेला बसता येतं. काही विद्यापीठांनी स्वतःहून फक्त डीएनपी, म्हणजे नर्सिंगमधली डॉक्टरेट, ठेवली आहे, तेवढं अर्ज करताना बघा. कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे ना, हेही फी भरण्याआधी पाहा.

ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे मार्कशीट नव्हे

ही ओळ भिंतीवर लिहून ठेवावी. तुमच्याकडच्या लॅमिनेट केलेल्या मार्कशीट कोणालाच नको असतात. हवा असतो विद्यापीठाने स्वतः तयार केलेला, सही-शिक्क्याचा आणि विद्यापीठाकडूनच थेट पोहोचलेला उतारा. पाकीट तुमच्या हातून गेलं, फोडलं गेलं किंवा नातेवाइकाने उघडून स्कॅन केलं, की त्याची किंमत शून्य.

तो कुठून मिळवायचा, हे तुमच्या प्रवेशाच्या वर्षावर अवलंबून आहे. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या मंडळींची पदवी मुंबई, पुणे, नागपूर अशा जुन्या विद्यापीठांची असते, तेव्हा उताराही तिथूनच काढावा लागतो. जीएनएमची परीक्षा पूर्वी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल घेत असे, नंतर त्यासाठी वेगळं राज्य मंडळ झालं. चुकीच्या ठिकाणी अर्ज केला तर "आमच्याकडे रेकॉर्ड नाही" एवढं ऐकायलाच दोन महिने जातात. माझा स्वतःचा उतारा एका कार्यालयात चार महिने पडून होता. भावाने तिसऱ्यांदा जाऊन विचारलं तेव्हा कळलं की कॉलेजचं एक पत्र जोडायचं राहिलं होतं. ते पहिल्याच खेपेला सांगता आलं नसतं का? आजही तो प्रसंग आठवला की राग येतो. म्हणून गावाकडच्या ज्या माणसाला धाडाल त्याच्या हातात अधिकारपत्र, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि सगळ्या वर्षांच्या मार्कशीटच्या झेरॉक्स द्या, आणि काय काय जोडायचं ते खिडकीवर लेखी मागायला सांगा.

"आरएन लायसन्सच्या वेळी मूल्यांकन केलं होतं, तेच चालेल ना?" बहुतेक वेळा चालत नाही. तो अहवाल राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे गेलेला असतो, आणि विद्यापीठाला विषयवार गुण आणि जीपीए (चारपैकी काढलेली गुणांची सरासरी) असलेला वेगळा अहवाल हवा असतो. कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो, ते प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. सीजीएफएनएस या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं नाव २०२५ पासून ट्रूमेरिट झालं आहे. जुनं नाव दिसलं नाही म्हणून गोंधळू नका. आणि स्वतः टक्क्यांचा जीपीए काढत बसू नका. आपल्याकडचे अठ्ठावन्न टक्के म्हणजे तिथली नापासाची पायरी नव्हे, मूल्यांकनात ते पुष्कळदा अपेक्षेपेक्षा बरे उतरतात. तीन जीपीएच्या अटीला भिऊन अर्जच न केलेल्या चांगल्या परिचारिका मी पाहिल्या आहेत.

नाव

आपल्याकडच्या बायकांचे अर्ज जितके इथे अडतात तितके दुसरीकडे कुठेच नाहीत. समजा, मार्कशीटवर "शिंदे सुनीता दत्तात्रय" आहे. लग्न झालं, पासपोर्टवर "सुनीता महेश जाधव" आलं. अमेरिकन कारकून मार्कशीटवरचा शेवटचा शब्द आडनाव समजतो, म्हणजे वडिलांचं नाव झालं आडनाव. पासपोर्टवर मधलं नावही वेगळं, आडनावही वेगळं. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका असतात, आणि तुमचा उतारा येऊनही तुमच्या फाइलला लागत नाही. पोर्टलवर "मिळाला नाही" एवढंच दिसत राहतं.

यावर उपाय आहे, पण तो आधी करायचा. अर्जात "पूर्वीची नावं" असा रकाना असतो. त्यात मार्कशीटवरचं नाव सगळ्या क्रमांनी भरा, आडनाव आधी आणि आडनाव शेवटी, दोन्ही. स्पेलिंग वेगळं असेल तर तेही टाका. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. लग्नात पाळण्यातलं नावही बदललं असेल तर दाखला पुरत नाही, राजपत्रातली नोंद लागू शकते, आणि ती नसेल तर ते काम सगळ्यात आधी हातात घ्या.

तारीख

विद्यापीठाची शेवटची तारीख ही अर्ज पाठवण्याची असेलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी ती अर्ज पूर्ण होण्याची असते, म्हणजे उतारा, मूल्यांकन आणि शिफारशी सगळं पोहोचून तपासलं गेलेलं. नर्सिंगकॅस या सामायिक अर्जाच्या पोर्टलमधून अर्ज केला तर त्यांच्या पडताळणीचे दिवसही यातच धरा. आणि तारीख अमेरिकन पद्धतीने वाचा. ०१/१० म्हणजे दहा जानेवारी, एक ऑक्टोबर नव्हे. इथे राहून पाच वर्षं झालेल्या माणसाचीही घाईत ही चूक होते. बालरोगाच्या कोर्सला पुष्कळ ठिकाणी वर्षातून एकदाच प्रवेश असतो, म्हणून तारीख चुकली की वर्ष गेलं. हाताशी पंधरा महिने ठेवून उताऱ्यापासून सुरुवात करा, निबंध सगळ्यात शेवटी लिहिला तरी चालेल.

तुम्ही कुठल्या राज्यात राहता

विद्यापीठ कुठे आहे याला फारसं महत्त्व नाही. तुम्ही कुठे बसून शिकणार आणि कुठे मुलं तपासणार, हे महत्त्वाचं. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर राज्यवार लायसन्सची माहिती देणारं पान असतं. ते कोणी वाचत नाही, आणि नकार तिथूनच येतो. तुमचं राज्य त्या यादीत नसेल तर पुढे जाऊ नका.

समजा, तुम्ही जर्सी सिटीत राहता. राज्याराज्यांमधल्या करारामुळे न्यू जर्सीचं लायसन्स बहुराज्यीय असू शकतं, पण न्यूयॉर्क त्या करारात नाही. नदीपलीकडे मॅनहॅटनमधल्या दवाखान्यात तास भरायचे तर न्यूयॉर्कचं वेगळं आरएन लायसन्स लागेल. कॅलिफोर्नियाही त्या करारात नाही. आणि आपल्या बऱ्याच घरांत यजमानांचं प्रोजेक्ट बदलतं, न्यू जर्सीतल्या एडिसनहून कॅलिफोर्नियाच्या बे एरियात बिऱ्हाड हलतं. कोर्सच्या मध्येच असं झालं तर ते विद्यापीठ नव्या राज्यात तुम्हाला शिकवू शकेल का, हे प्रवेशाआधीच लेखी विचारून ठेवा.

प्रीसेप्टर आणि तास

२०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार थेट रुग्णसेवेचे किमान ७५० तास लागतात. जुना आकडा ५०० होता आणि अजून पुष्कळ ठिकाणी तोच लिहिलेला सापडतो. नोकरी सांभाळून हे तास कसे बसणार, याचा हिशेब फी भरण्याआधी घरच्यांबरोबर बसून करा. एक मैत्रीण शेवटच्या दोन सत्रांत रात्रपाळीहून थेट दवाखान्यात जायची. तिला पाहून वाईट वाटायचं.

विद्यापीठाला विचारायचा पहिला प्रश्न हाच : प्रीसेप्टर, म्हणजे दवाखान्यात हाताखाली घेऊन शिकवणारा, तुम्ही देता, की मी शोधायचा? मुलांचे दवाखाने थोडे, आणि तिथे मेडिकलचे विद्यार्थी आणि फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचे विद्यार्थीही रांगेत असतात. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ प्रेमाने "ये की माझ्याकडे" म्हणतात. पण त्यांचा दवाखाना मोठ्या हॉस्पिटल-समूहाचा असेल तर त्यांचा शब्द पुरत नाही. समूह आणि विद्यापीठ यांच्यात करार व्हावा लागतो, आणि त्याला महिने लागतात. सत्र सुरू व्हायच्या निदान सहा महिने आधी ते नाव विद्यापीठाकडे द्या.

क्लिनिकलच्या, म्हणजे दवाखान्यातल्या तासांच्या, आधी लसीकरणाचा पुरावा मागतात, आणि लहानपणीचं कार्ड आपल्यापैकी कोणाकडे नसतं. ते शोधायला आईला गावी पाठवू नका. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांची टायटर म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी चालते. क्षयाच्या तपासणीत मात्र सावध राहा. बीसीजी झालेल्यांची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे, पत्रं, धावपळ. सुरुवातीलाच रक्ताची क्वांटिफेरॉन चाचणी करून द्यायला सांगा. बाकी पोलीस पडताळणी, बोटांचे ठसे, बीएलएस आणि पाल्स ही तातडीच्या जीवरक्षक उपचारांची प्रमाणपत्रं या गोष्टी यादीप्रमाणे आपोआप होतात.

निबंधाबद्दल एकच. मुलांच्या आयसीयूत काम केलेल्या सिस्टर व्हेंटिलेटरवरच्या मुलांबद्दल मनापासून लिहितात, आणि समिती म्हणते, मग तुम्ही अॅक्युट केअरला, म्हणजे गंभीर आजारी मुलांच्या कोर्सला, अर्ज करा. प्रायमरी केअर म्हणजे वजन-उंची, लसी, दमा, शाळेतलं वागणं, पहिल्यांदा आई झालेलीच्या शंका. तुम्हाला ते का करायचं आहे ते लिहा.

पैशांचं थोडक्यात : ग्रीन कार्ड असेल तर सरकारी शैक्षणिक कर्जासाठी फाफ्सा हा अर्ज भरता येतो, जोडीदाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर नाही. ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद आहे. त्यामुळे "उरलेली रक्कम ग्रॅड प्लसमधून" हा सीनिअर मंडळींचा जुना सल्ला आता विसरा.

शेवटी पीएनसीबीची परीक्षा, तीन तासांत १७५ प्रश्न. केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. कोर्सच्या मध्ये लग्न झालं किंवा नागरिकत्व घेताना नाव बदलायचं ठरलं, तर परीक्षा होऊन राज्याचं लायसन्स हातात येईपर्यंत थांबा. थांबता येत नसेल तर आरएन लायसन्स, विद्यापीठ, पीएनसीबी आणि ड्रायव्हिंग लायसन्स या चारही ठिकाणी एकाच महिन्यात नाव बदलून घ्या.