निळे राहिलेले बीजांड काय सांगते?
जनावरांच्या भ्रूण प्रयोगशाळांसाठी माहितीपत्रक

आमचे रंगद्रावण वाढ पुरी झालेली बीजांडे निवडण्यासाठी आहे. त्याची पहिली बाटली उघडली की बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात: "निळी झालेली बीजांडे ठेवायची की पांढरी, म्हणजे रंग न राहिलेली?" ठेवायची निळी. पण त्यामागचे कारण कळले, तर पुढची हाताळणीही नीट होते. म्हणून हे पत्रक.

वाढीच्या काळात बीजांडात ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, म्हणजे जी६पीडी, हे एन्झाइम जोरात काम करते. द्रावणातला ब्रिलियंट क्रेसिल ब्लू हा निळा रंग आत शिरला की या कामामुळे त्याचे क्षपण होते (त्याला इलेक्ट्रॉन मिळतात) आणि तो रंगहीन होतो. वाढ पुरी झालेल्या बीजांडात जी६पीडी मंदावलेले असते, म्हणून तिथे निळाई टिकते. थोडक्यात, निळे राहिलेले बीजांड म्हणजे एन्झाइम मंद झालेले बीजांड. अनेकजण इथे उलटे समजतात आणि चांगली बीजांडे टाकून देतात. ते ऐकले की आम्हाला फार वाईट वाटते. गाय, शेळी आणि डुक्कर यांच्या बीजांडांत निळा गट ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे भ्रूणाच्या पोकळ गोळ्याच्या अवस्थेपर्यंत, साधारणपणे जास्त प्रमाणात पोचतो.

मग हे एन्झाइम नकोसे आहे का? मुळीच नाही. ग्लुकोज पेन्टोज फॉस्फेट मार्गाने, म्हणजे पेशीतल्या एका रासायनिक साखळीतून, जाताना पहिली पायरी जी६पीडीच टाकते. त्या मार्गात दोन गोष्टी हाती लागतात: आरएनए-डीएनएसाठी लागणारा रायबोज आणि एनएडीपीएच, म्हणजे इतर रेणूंना इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू. वाढणाऱ्या बीजांडाला दोन्ही भरपूर लागतात. वाढ संपली की वेग उतरतो, पण एनएडीपीएचची गरज संपत नाही.

कारण ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीतला एक छोटा संरक्षक रेणू. ऑक्सिजनपासून तयार होणारे घातक रेणू निकामी करताना ग्लुटाथायोन स्वतः ऑक्सिडाइज होते. त्याला पुन्हा कामाचे करायला एनएडीपीएच लागते. हे चक्र अडले की पेशीचा रेडॉक्स समतोल, म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांचा तोल, ढळतो. फलनाच्या वेळी तर ग्लुटाथायोनचे काम थेट दिसते. शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए प्रोटामीन प्रथिनांच्या डायसल्फाइड बंधांनी घट्ट आवळलेला असतो. बीजांडातले ग्लुटाथायोन हे बंध सोडवते, आवळलेले डोके फुगते, आणि मगच नर प्रकेंद्रक (शुक्राणूकडून आलेले केंद्रक) तयार होते. साठा अपुरा असला, तर शुक्राणू आत शिरूनही डोके तसेच आवळलेले राहते. फलन फसल्याचा दोष अनेकदा वीर्याला दिला जातो. आमच्या मते आधी परिपक्वतेचे माध्यम, म्हणजे बीजांडे ज्यात पक्व करतात ते द्रव, तपासावे. गायीच्या बीजांडांसाठी त्यात सिस्टिअमीन हे रसायन घातल्यास ग्लुटाथायोन वाढते.

भ्रूणाला हे एन्झाइम पुढेही लागते. जी६पीडीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून नराकडे त्याची एकच प्रत असते. उंदरांत ते जनुक पूर्ण निकामी केल्यावर नर भ्रूण सुरुवातीला ठीक वाढले, पण रक्ताभिसरण सुरू होऊन ऑक्सिजन पोचू लागताच खंगले आणि साधारण १०.५ व्या दिवसापर्यंत मेले. ऑक्सिजनच्या भाराखाली या एन्झाइमची किंमत कळते.

तुमच्या प्रयोगशाळेत हा भार आपणच वाढवत असतो. गर्भनलिकेत ऑक्सिजन साधारण २ ते ८ टक्के असतो, हवेत सुमारे २१ टक्के. म्हणून भ्रूणासाठी इनक्युबेटरमध्ये ५ टक्के ऑक्सिजन ठेवा. दार जितके कमी उघडाल तितके बरे. डिश बाहेर काढून मोबाइलवर फोटो घेत बसू नका, ही कळकळीची विनंती.

रंगवताना २६ मायक्रोमोलर द्रावणात गायीची बीजांडे ३८.५ अंश सेल्सिअसला ९० मिनिटे ठेवतात. भोवतालच्या क्युम्युलस पेशी काढू नका. त्यांच्याशिवाय बीजांड नीट पक्व होत नाही. नंतर निदान दोन-तीनदा नीट धुवा. पेशीद्रवातली निळी छटा पाहायची असते, भोवतालच्या पेशींवरची नव्हे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, फार तीव्र नसलेल्या प्रकाशात पाहिले की फरक ओळखता येतो. सीमेवरचे बीजांड दिसले, तर एका व्यक्तीनेच सगळी डिश निवडावी, म्हणजे निकष बदलत नाही.

हे द्रावण फक्त जनावरांच्या बीजांडांसाठी आहे, माणसांच्या उपचारासाठी नाही. एकाच बॅचमधली बहुतेक बीजांडे पांढरी निघाली, तर बाटलीवरचा बॅच क्रमांक, तापमान आणि वेळ लिहून आम्हाला कळवा. तीच डिश पुन्हा रंगवू नका.