स्लीव्हमोरची ओस पडलेली घरं

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत अकिल नावाचं बेट आहे, तिथे स्लीव्हमोर डोंगराच्या दक्षिण उतारावर ऐंशी ते शंभर दगडी घरांचे अवशेष ओळीने उभे आहेत. बहुतेक ठिकाणी 'बटाट्याच्या दुष्काळात ओस पडलेलं गाव' एवढं सांगून विषय संपवतात, पण मला ते फार अपुरं वाटतं.

घरं नीट बघा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, बहुतेक घरात एकच खोली, आणि काहींच्या भिंतीत जनावर बांधायची सोय आहे, म्हणजे एका टोकाला गुरं आणि दुसऱ्या टोकाला माणसं, सगळं एकाच छपराखाली. जमीन 'रनडेल' पद्धतीची, गावाने मिळून खंडाने घेतलेली, प्रत्येकाचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले, बटाट्याचे वाफे तर आजही गवताखाली उठून दिसतात. एकाच पिकावर सगळं पोट, त्यात १८४५ ला करपा आला आणि पुढची काही वर्षं तो परत परत येत राहिला.

त्याच काळात शेजारच्या डूगॉर्टला एडवर्ड नँगल यांचं प्रोटेस्टंट मिशन होतं. उपाशी कॅथलिक लोकांना अन्न देऊन प्रोटेस्टंट व्हायला लावतात असा आरोप त्यांच्यावर झाला, आणि १८५२ मध्ये मिशनने बेटाचा मोठा भाग विकतच घेतला.

तरी गाव लगेच मेलं नाही हो. लोक हळूहळू किनाऱ्यावर डूआ वगैरे गावात गेले, तिथे समुद्राचा तरी आधार होता, पण उन्हाळ्यात गुरं चारायला त्याच घरांत येऊन राहायचे, याला तिकडे 'बूली' म्हणतात, आणि हे विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालू होतं. ही गोष्ट लोकांना माहीतच नसते याचं फार वाईट वाटतं.

कोणत्या घरात कोण राहायचं हे शोधणं मात्र अवघड, कारण १९२२ च्या यादवीत डब्लिनमधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळालं आणि दुष्काळाच्या आधीच्या जनगणनेचे जवळपास सगळे मूळ कागद त्यात गेले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासाठी मुख्य आधार उरतो तो ग्रिफिथ व्हॅल्युएशनचा, कर बसवण्यासाठी केलेली यादी ती, पण त्यात कुळांची नावं आहेत. १९९१ मध्ये इथे पुरातत्त्वाच्या फील्ड स्कूलनेही, म्हणजे विद्यार्थ्यांना जागेवरच उत्खनन शिकवणाऱ्या शाळेने, काम सुरू केलं, आणि त्यांनी यातली काही घरं खणून तपासलीत.